पऱ्हाटीच्या शेतातील जीवसाखळी : एक निरीक्षणपाठ

अन्नसाखळी शिकविताना आपण फळ्यावर गवत, हरिण आणि वाघ काढतो. मेळघाटातील शाळा वगळल्या, तर आपल्या बहुतेक मुलांनी त्यांपैकी गवतच तेवढे जवळून पाहिलेले असते. पऱ्हाटीचे शेत मात्र शाळेच्या कुंपणाला लागून असते. म्हणून हा पाठ धुऱ्यावर घ्यावा. शेत नुकतेच फवारलेले नाही ना, हे मालकास आदल्या दिवशी अवश्य विचारावे.

श्रावणात एखादे पान उलटून दाखवावे. मावा पानाचा रस शोषतो व अंगातून गोड चिकटा सोडतो. त्या गोडीसाठी मुंग्या जमतात आणि माव्याला खावयास आलेल्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात. ढालकिड्याची अळी काळसर व ओबडधोबड असते; रंगीत ढालकिड्याशी तिचे साम्य नसल्याने मुले, व मोठी माणसेही, तिला शत्रू समजून चिरडतात. वास्तविक तीही मावाच खाते. क्रायसोपाची केसासारख्या देठांवरील अंडी व कोळ्याची जाळीही मुलांना शोधावयास लावावी.

आता मनुष्याचा हात कोठे लागतो ते पाहू. जहाल औषधाने मावा मरतो, तसा ढालकिडाही मरतो. परंतु माव्याची मादी नराविना पिले देते आणि ती पिलेही सुमारे आठवड्याभरात विण्याजोगी होतात. ढालकिड्यास अंड्यापासून पूर्ण वाढीस तीन-चार आठवडे लागतात. शत्रू आधी परततो, मित्र मागाहून. मधल्या काळात दुसरी फवारणी होते. फळ्यावर दोन रेषा काढून हे दाखविल्यास मुलांना चटकन समजते.

शेंदरी बोंडअळीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. ही अळी बोंडात शिरून सरकी खाते. आत गेल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. बोंडअळ्यांना मारणारे विष झाडातच असलेले बीटी बियाणे आपल्या देशात २००२ साली आले, दोन जनुकांचे २००६ साली. त्या थैलीसोबत साध्या सरकीची १२० ग्रॅमची पुडी मिळत असे. ती कडेने पेरावयाची, म्हणजे तेथे विषाची सवय नसलेले पतंग वाढतील, बीटीतून वाचलेल्या मोजक्या पतंगांशी त्यांचा संकर होईल आणि पुढची पिढी विषाला बळी पडत राहील, असा हेतू होता. पुष्कळांनी पुडी पेरलीच नाही. दोष केवळ शेतकऱ्यास देणे मला न्याय्य वाटत नाही. पुडी कशासाठी, हे त्याला नीट सांगितले कोणी?

त्यात फरदडीची भर पडली. वेचणी संपल्यावर ओलीत देऊन पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे ठेवल्याने अळीची उपासमार टळली. रचलेल्या पऱ्हाट्यांतील किडक्या बोंडांतही ती सुप्त राहते. २०१७ साली विदर्भात तिने मोठी हानी केली. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. हे वर्गात सांगताना शब्द जपून वापरावेत. एखाद्या मुलाच्या घरीही अशी घटना घडलेली असू शकते.

“मग गुरुजी, फवारायचेच नाही का?” हा प्रश्न येणारच. सरळ उत्तर द्यावे : किडी मोजून, गरज असेल तेव्हाच, तत्पूर्वी निंबोळी अर्क व कामगंध सापळे आहेत. औषध कोणते, हे कृषी सहायकाने सांगावे, आपण नव्हे. मुलास बापाला उपदेश करण्यास मात्र पाठवू नये. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला दहा वर्षांच्या मुलाचे शहाणपण बोचते. मुलाने वहीत मोजणी मांडावी : दहा झाडे, प्रत्येकी तीन पाने, मावा किती, ढालकिडे किती. ही मोजणी दर शनिवारी, पात्या धरल्यापासून बोंडे फुटेपर्यंत करावी. वही घरी गेली, की वडील ती चाळतातच.