लोकनृत्याचे गुरू आणि पथकाचे नायक

लोकनृत्ये ग्रामीण व आदिवासी मुलांना उपजतच येतात, ती शिकवावी लागत नाहीत, असा एक समज सर्वत्र आढळतो. प्रजासत्ताक दिनाच्या समारंभात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादे पथक नाचून जाते, टाळ्यांचा कडकडाट होतो. परंतु त्या पथकाला तालावर आणणारा मनुष्य कोण, हे विचारण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. गायकाचे व वादकाचे नाव घोषित होते. नृत्य शिकविणाऱ्याचे नाव मात्र ‘पारंपरिक’ या एका शब्दाआड लुप्त होते. वस्तुतः कोणतीही परंपरा माणसाकडून माणसाकडे जाते. शिकविणारा मध्येच नाहीसा झाला, तर पुढची पिढी वेश करील, वाद्ये वाजवील. पण नृत्याचा अर्थ तिच्या हाती लागणार नाही. म्हणून लोकनृत्याच्या नायकांचा व शिक्षकांचा स्वतंत्रपणे विचार होणे अगत्याचे आहे.

पोड आणि औद्योगिक वसाहत

यवतमाळ जिल्ह्यात गोंड, कोलाम, परधान, आंध इत्यादी जमातींची वस्ती मोठी आहे. यांपैकी कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक असून कातकरी व माडिया गोंड या अन्य दोन होत. कोलामांच्या लहान वस्तीला ‘पोड’ म्हणतात. पोडावर नृत्याचा वर्ग भरत नाही, कारण तेथे अवघी वस्तीच शाळा असते. मूल आईच्या कडेवरून ढेमसा पाहते, मोठे झाल्यावर रांगेच्या टोकाला उभे राहते आणि शेजाऱ्याच्या पावलाकडे पाहून आपले पाऊल सुधारते. चुकले तर वडीलधारे तेथेच टोकतात.

यवतमाळ शहरालगतचे लोहारा हे याच जिल्ह्यातील; परंतु तेथील जीवनक्रम निराळा. औद्योगिक वसाहतीमुळे परिचित असलेल्या या परिसरात दिवस पाळीच्या वेळापत्रकावर चालतो. रोजगारासाठी खेड्यातून अशा ठिकाणी आलेल्या कुटुंबातील मुलाच्या वाट्याला ना पोड येते, ना रात्रभर वाजणारे वाद्य. घरी भाषा टिकते, सणही साजरा होतो. पण नृत्य टिकण्यासाठी जी माणसांची रांग लागते, ती मागे गावीच राहते. जेथे गाव आपोआप शिकवीत नाही, तेथे शिक्षक जाणीवपूर्वक निर्माण करावा लागतो. लोहाऱ्यासारख्या गावांपुढील प्रश्न नेमका हाच आहे.

दंडार व घुसाडी : शिकविण्याचा विषय

दिवाळीच्या सुमारास यवतमाळ, नांदेड व पलीकडील आदिलाबाद भागातील गोंड व कोलाम वस्त्यांतून दंडारीची पथके निघतात. त्यांतील घुसाडी नर्तकाच्या मस्तकी मोरपिसांचा भव्य टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडे व हाती दंड असतो. तरुण मुले टिपऱ्या घेऊन फेर धरतात. काही मुले स्त्रीवेष करतात. पथक एका गावाहून दुसऱ्या गावी जाते, यजमान गाव पाहुण्यांचा सत्कार करते आणि या गाठीभेटींतून सोयरिकीही जुळतात. ढेमसा हे यापेक्षा वेगळे, वर्तुळात फिरणारे समूहनृत्य होय. झाडीपट्टीतील ‘दंडार’ हा नाट्याच्या अंगाने जाणारा प्रकार असून नावाच्या साम्यामुळे त्याची येथे गल्लत करू नये.

यावरून पथकाच्या नायकाला काय काय शिकवावे लागते, याची कल्पना येईल. पावले हा त्यातील एक भाग झाला. टोप बांधणे व जपणे, वाद्य तापवून सुरात आणणे, वाद्यांची व टोपाची पूजा, उत्सवकाळात पाळावयाचे नियम, परगावच्या सीमेवर कसे थांबावे, यजमानाला कसे अभिवादन करावे, हे सर्व त्या शिक्षणात अंतर्भूत असते. गोंडांच्या कुळकथा मुखोद्गत ठेवणारे परधान गायक किकरीच्या साथीने इतिहास सांगत. म्हणजे नृत्यामागील विद्येचा सांभाळ करणाराही एक वर्ग समाजाने निर्माण केला होता. रंगमंचावर पाच मिनिटांचा कार्यक्रम बसविताना यांतील बहुतेक गोष्टी गळून पडतात. त्या गळाल्या तरी विस्मरणात जाऊ नयेत, ही जबाबदारी गुरूची असते.

मार्लवाईचे गुरू

या संदर्भात आदिलाबाद भागातील मार्लवाई या गोंड गावाचे उदाहरण उद्बोधक आहे. हे गाव आज तेलंगणातील कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० नंतरच्या दशकात येथे राहून गोंड जीवनाचा अभ्यास केला. त्यांच्या प्रयत्नांनी १९४३ मध्ये येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि गोंडी भाषेतील पाठ्यपुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. समाजातील माणूसच समाजाचा शिक्षक व्हावा, हे तत्त्व तेथे प्रत्यक्षात आले.

याच गावचे कनक राजू यांनी घुसाडी नृत्याला देशव्यापी ओळख मिळवून दिली. १९८१ मध्ये त्यांच्या पथकाने दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यासमोर नृत्य सादर केले. दिल्लीहून परतल्यावर त्यांनी आपले कार्य थांबविले नाही. पुढील अनेक वर्षे ते तरुणांना हे नृत्य शिकवीत राहिले. २०२१ मध्ये पद्मश्री देऊन त्यांचा गौरव करण्यात आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी शिकविलेले तरुण मागे होते. गुरूचे खरे संचित ते हेच.

लोकधारेची शिकवण

महाराष्ट्रात पथकाच्या नायकाचा आदर्श पाहावयाचा तर शाहीर कृष्णराव साबळे यांचे नाव घ्यावे लागते. ३ सप्टेंबर १९२३ रोजी सातारा जिल्ह्यातील पसरणी येथे जन्मलेल्या शाहिरांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमातून वासुदेव, गोंधळ, कोळीनृत्य, लावणी अशा अनेक प्रकारांना एका रंगमंचावर आणले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९८४ मध्ये व पद्मश्री १९९८ मध्ये त्यांना प्राप्त झाली. २०१५ मध्ये ते निवर्तले. लोकधारेत उमेदवारी केलेले अनेक तरुण पुढे मराठी रंगभूमी व चित्रपट या क्षेत्रांत नावारूपास आले. पथक हेच विद्यालय असू शकते, हे त्यावरून स्पष्ट होते.

फिलिपिन्सचा धडा

गाव मागे राहिल्यावर नृत्य कसे शिकवावे, या प्रश्नाला सातासमुद्रापलीकडे एक उत्तर मिळाले आहे. फिलिपिन्समधील शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका फ्रान्सिस्का रेयेस अकिनो यांनी १९२० नंतरच्या दशकात खेडोपाडी हिंडून लोकनृत्यांची पावले, संगीत व वेशभूषा टिपून घेतली. १९२६ मध्ये त्यांनी या विषयावर प्रबंध सादर केला. पुढे सरकारी शिक्षण खात्यात राहून त्यांनी ही नृत्ये शाळाशाळांत नेली. ज्या मॅगसेसे पुरस्काराने १९५८ मध्ये आचार्य विनोबा भावे सन्मानित झाले, तोच पुरस्कार १९६२ मध्ये या अध्यापिकेला शासकीय सेवेसाठी देण्यात आला.

फिलिपिनो कुटुंबे अमेरिकेत स्थायिक झाली, तेव्हा त्यांनी तेथेही नृत्यपथके उभारली. कळकाच्या काठ्यांमधून पावले टाकण्याचे ‘टिनिकलिंग’ तेथे जन्मलेली मुले पथकाच्या शिक्षकांकडून शिकतात. सॅन फ्रान्सिस्को परिसरात २००८ मध्ये स्थापन झालेल्या ‘परंगाल’ या पथकाचे सदस्य मायदेशी जाऊन मूळ जमातींतील जाणत्यांकडून नृत्य शिकून येतात. नृत्य ज्यांचे, त्यांच्याकडूनच ते घ्यावे आणि त्यांचे ऋण मानावे, हा त्यामागील विचार. कॅलिफोर्नियातील मुलाला जे लागू, ते लोहाऱ्यातील मुलालाही लागू आहे. फरक इतकाच, की लोहाऱ्याच्या मुलाचे मूळ गाव एसटीच्या अंतरावर आहे.

शाळा व पंचायतीचे कर्तव्य

या दिशेने करता येण्याजोग्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत.

१. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील नृत्य, वाद्य व गीत जाणणाऱ्यांची नोंद त्यांच्या संमतीने ठेवावी. कोणाचे वय किती आणि त्यांच्या हाताखाली कोण शिकत आहे, हे दोन रकाने त्या नोंदीत अवश्य असावेत. ज्याच्या नावापुढे शिष्याचा रकाना रिकामा आहे, तेथे प्रथम लक्ष द्यावे.

२. शाळेने स्नेहसंमेलनासाठी ध्वनिफितीवर नृत्य बसविण्याऐवजी गावातील जाणत्याला सन्मानाने पाचारण करावे, योग्य मानधन द्यावे आणि कार्यक्रमात त्यांचे नाव घोषित करावे.

३. पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, १९९६ अन्वये अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या रूढी, परंपरा व सांस्कृतिक ओळख यांचे जतन करण्याचा अधिकार आहे. यवतमाळ जिल्ह्यातील अनुसूचित गावांनी नृत्याचा विषय ग्रामसभेपुढे घ्यावा. कोणते अंग रंगमंचावर दाखवावे व कोणते पूजेपुरते राखावे, हेही तेथेच ठरावे.

४. नागपूर येथील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून कार्यरत आहे. क्षेत्रीय केंद्रांच्या गुरू-शिष्य परंपरा योजनेत गुरू, साथीदार व शिष्य यांना मानधनाची तरतूद असते. पात्र गुरूंचे अर्ज भरून देण्यास ग्रामसेवक व शिक्षकांनी साहाय्य करावे.

५. लोहाऱ्यासारख्या शहरालगतच्या गावांतील शाळांनी दिवाळीच्या सुटीत इच्छुक मुलांना पालकांसह दंडारीच्या गावी पाठवावे. रंगमंचावर न दिसणारे आदरातिथ्य व शिस्त मुलांना तेथेच पाहावयास मिळेल.

पथके स्पर्धांतून पारितोषिके मिळवितात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पारितोषिकाची ढाल कार्यालयाच्या कपाटात राहते. विद्या मात्र शिकविणाऱ्याच्या देहात असते आणि त्याच्याबरोबर जाऊ शकते. तो हयात असताना त्याच्यासमोर चार मुले उभी करणे, हे आज गावाच्या हाती आहे. ते कार्य पुढील वर्षावर ढकलण्याजोगे नाही.