पायांवरच्या निळ्या शिरा : ऑपरेशन टाळता येईल?

प्रश्न : वय ४६. सातपूर एमआयडीसीत दिवसभर उभ्यानं काम असतं. पोटऱ्यांवर निळ्या, गाठाळ शिरा दिसतात. संध्याकाळी पाय जड होतात. ऑपरेशनशिवाय इलाज आहे का?
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : बहुतेकदा असतो. शिरांमधल्या झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली साचतं आणि शिरा फुगतात. आधी पायांची कलर डॉपलर सोनोग्राफी करा. बारीक शिरांसाठी स्क्लेरोथेरपीचं इंजेक्शन, तर मोठ्या शिरेसाठी लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी वापरतात. जागा बधिर करून हे होतं. सहसा त्याच दिवशी चालत घरी जाता येतं. मलमानं अशा शिरा जात नाहीत.

दाबाचे मोजे मापाचे घ्या आणि सकाळी उठल्याबरोबर चढवा. मधुमेह किंवा धमन्यांचा आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. कामावर अधूनमधून टाचा वर-खाली करा. पोटरीचे स्नायूच रक्त वर ढकलतात. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज अर्धा तास चाला. रात्री पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर १०८ ला फोन करा.