आस आणि दंतचक्रे : शर्यतीच्या छोट्या मोटारीवरून एक पाठ

वरच्या इयत्तांत दंतचक्रांचा विषय आला म्हणजे फळ्यावर दोन दातेरी वर्तुळे काढावयाची, दात्यांची संख्या सांगावयाची आणि गुणोत्तराचे उदाहरण सोडवून पाठ संपवावयाचा, असा प्रघात आढळतो. परंतु फळ्यावरील चक्रे कधी अडत नाहीत; प्रत्यक्षातील चक्रे अडतात, गरम होतात, झिजतात. ती का अडली हे शोधून काढण्यास तेच गुणोत्तर उपयोगी पडते, ही गोष्ट मुलांस उमगली तर गणित, विज्ञान आणि हस्तव्यवसाय हे तिन्ही विषय एकत्र येतात. या दृष्टीने एका खेळण्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळण्याचा परिचय

इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस या गृहस्थांची मिनिमॉडेल्स नावाची कंपनी स्प्रिंगवर चालणाऱ्या पत्र्याच्या मोटारी तयार करीत असे. त्याच मोटारींत विजेचे यंत्र बसवून त्यांनी १९५७ साली ‘स्केलेक्स्ट्रिक’ या नावाने नवा खेळ बाजारात आणला. या खेळात रस्त्याच्या मध्यभागी एक खाच असते व खाचेच्या दोन्ही बाजूंस धातूच्या पट्ट्या असतात. मोटारीच्या पोटाखालील जीभ खाचेत राहून गाडीस वाट दाखविते आणि पट्ट्यांतून मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या विजेवर आतील यंत्र फिरते. खेळणाऱ्याच्या हाती केवळ वेग कमीअधिक करण्याची कळ असते. आजच्या अशा गाड्या बहुधा खऱ्या मोटारीच्या १/३२ मापाच्या असतात.

गुणोत्तराचे उदाहरण

यातील अनेक गाड्यांत यंत्राच्या दांड्यावर ९ दात्यांचे लहान चक्र असते. त्यास कारागीर पिनियन म्हणतात. मागील चाकांच्या आसावर २७ दात्यांचे मोठे चक्र असते. पिनियनचे ३ फेरे झाले म्हणजे आसाचा १ फेरा होतो. यंत्र मिनिटास १८,००० फेरे घेत असेल तर आस ६,००० फेरे घेईल. चाकाचा व्यास २० मिलिमीटर धरला तर परिघ सुमारे ६३ मिलिमीटर येतो. म्हणजे गाडी मिनिटास सुमारे ३७८ मीटर, अर्थात ताशी साडेबावीस किलोमीटरहून थोडे अधिक अंतर तोडील. गाडीचे ओझे पडताच यंत्राचे फेरे कमी होतात, म्हणून खरा वेग याहून कमी भरतो, हेही मुलांस सांगावे.

आस सरळ का हवा?

मिनिटास ६,००० फेरे म्हणजे सेकंदास १०० फेरे. आस किंचित वाकलेला असेल तर चाक सेकंदास १०० वेळा उडी मारते. आसाबरोबर मोठे चक्रही डगमगते. अर्ध्या फेऱ्यात त्याचे दाते पिनियनमध्ये घट्ट रुततात आणि उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात सैल पडतात. सायकलचे चाक ‘आउट’ झाले म्हणजे दर फेऱ्यास एकदा ब्रेकला घासते, हे मुलांनी पाहिलेले असते. येथेही तोच प्रकार घडतो.

आसाची परीक्षा सोपी आहे. चाके व चक्र काढून आस सपाट काचेवर ठेवावा, डोळे काचेच्या पातळीस आणावेत आणि आस बोटाने हळू लोटावा. सरळ आस एकसारखा घरंगळतो. वाकलेल्या आसाखाली प्रकाशाची फट उघडते व मिटते. असा आस ठोकून नीट करण्यापेक्षा बदलणे श्रेयस्कर, कारण ठोकल्याने एक बाक जाऊन दुसरे दोन येण्याचा संभव असतो. काचेच्या कडांवर आधी चिकटपट्टी लावून घ्यावी.

आस सरळ असूनही तो ज्या दोन बुशांत फिरतो ते एका रेषेत नसतील तर अडचण कायम राहते. यासाठी एक लांब सरळ तार दोन्ही बुशांतून एकदम घालून पाहावी. ती जोर न लावता आरपार गेली पाहिजे.

चक्र बसविण्याची रीत

काही चक्रे दाबून बसवावयाची असतात, तर काही बारीक स्क्रूने आवळावयाची असतात. दाबून बसवावयाच्या चक्रावर हातोडी कदापि मारू नये. त्यामुळे आस वाकतो व चक्राचे भोक तडकते. चक्र आसाशी काटकोनात धरून व्हाइसच्या जबड्यांत सावकाश दाबावे. पिनियन यंत्राच्या दांड्यावर बसविताना दांड्याचे मागील टोक टेकलेले असावे, नाहीतर सगळा दाब यंत्राच्या आतील भागांवर येऊन यंत्र बिघडते.

दाते एकमेकांत पूर्ण रुतवून चालत नाही. त्यांत बारीक फट लागते. ती ठेवण्यासाठी दोन्ही चक्रांच्या दात्यांमध्ये पातळ कागदाची पट्टी घालून चक्र जागेवर पक्के करावे व मग पट्टी काढून घ्यावी. पिनियन बोटाने स्थिर धरून मोठे चक्र हलविले असता अगदी किंचित खेळ जाणवला पाहिजे. खेळ मुळीच नसेल तर यंत्र तापते. खेळ फार असेल तर खडखडाट होऊन दात्यांची टोके झिजतात. तसेच आस डावीउजवीकडे फार सरकू नये म्हणून चाक व बुश यांमध्ये पातळ वायसर घालावे, कारण आस सरकला की दात्यांमधील फटही बदलते.

दोषाचा शोध

पाठाचा गाभा येथे आहे. वीज बंद करून मागील चाक बोटाने हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवावे आणि कोठे अडते ते मोजावे.

१. एका फेऱ्यात एकदाच अडले, तर दोष आसात किंवा मोठ्या चक्रात आहे.
२. एका फेऱ्यात तीनदा, समान अंतराने अडले, तर दोष पिनियनमध्ये किंवा यंत्राच्या दांड्यात आहे, कारण आसाच्या एका फेऱ्यात पिनियन तीनदा फिरते.
३. सर्वत्र सारखेच जड लागले, तर दात्यांतील फट कमी आहे किंवा बुश एका रेषेत नाहीत. मोठे चक्र यंत्रापासून किंचित दूर सारून पुन्हा फिरवावे. जडपणा गेला तर दोष फटीचा. न गेला तर बुशांचा.

गाडी अडताच मुले यंत्र खराब झाले असे म्हणून ती बाजूस टाकतात, किंवा अधिक विजेचा जोर लावून पाहतात. जोर लावल्याने वाकलेला आस सरळ होत नाही. मोजणारा विद्यार्थी मात्र दोषाच्या जागेपर्यंत पोहोचतो. शिक्षकांनी येथे उत्तर सांगण्याची घाई करू नये. ‘किती वेळा अडले?’ एवढाच प्रश्न विचारावा आणि वाट पाहावी. ज्या मुलास तोंडी गणित अवघड जाते, तो हाताने मोजताना वर्गाच्या पुढे गेलेला आढळला तर त्याची नोंद अवश्य घ्यावी.

शाळेतील साहित्य

ही परदेशी गाडी शाळेत असण्याची आवश्यकता नाही. मोडक्या खेळण्यांतील यंत्र व दंतचक्रे, आसासाठी जुन्या सायकलच्या स्पोकचा मधला सरळ तुकडा, बुशासाठी स्पोक सैलसर फिरेल अशी नळी आणि पाटासाठी फळीचा तुकडा एवढ्यावर काम भागते. वीज टॉर्चच्या सेलचीच वापरावी; घरातील वीज कदापि जोडू नये. एका गटास मुद्दाम वाकविलेला स्पोक द्यावा व दुसऱ्यास सरळ. दोन्ही गटांनी गाड्या चालवून अंतरे मोजावीत, मग स्पोकांची अदलाबदल करून पुन्हा मोजावे.

स्वाध्याय

१. पिनियनचे दाते ११ व मोठ्या चक्राचे ३६ असल्यास आसाच्या एका फेऱ्यात पिनियन किती वेळा फिरेल?
२. ८ व ३२ दात्यांच्या जोडीत चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा अडथळा येतो. दोष कोठे शोधाल?
३. गावातील सायकल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन चाक ‘आउट’ आहे हे कारागीर कसे ओळखतो ते पाहा व चार ओळींत लिहा.