यंत्राच्या संगणकाला रोग होतो तेव्हा

कारखान्यातील मिलिंग यंत्र तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. पूर्वी कारागीर हाताने चाक फिरवून धातूचा तुकडा सरकवीत असे. आता पुष्कळ ठिकाणी हे काम संगणक करतो. त्याला ‘जी०१ एक्स५० एफ२००’ अशी आज्ञा दिली, की कटर सरळ रेषेत ५० मिलिमीटरच्या खुणेपर्यंत, मिनिटाला २०० मिलिमीटर वेगाने जातो. ५० च्या जागी कोणी ६० लिहिले तर? कटर मुकाट्याने ६० पर्यंत जाईल. मग वाटेत जॉब धरणारा व्हाइस का असेना! आज्ञा कोणी लिहिली, हे यंत्र विचारीत नाही.

या आज्ञा पूर्वी छिद्रांच्या कागदी फितीवरून देत. आता त्या नेटवर्कमधून येतात. सोय मोठी, पण त्याच तारेवरून नको तेही येऊ शकते.

नेटवर्कमधल्या संगणकाला क्रमांक दिलेली दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. विंडोज प्रणालीचे संगणक ४४५ क्रमांकाच्या दारातून एकमेकांना फायली देतात. या दाराच्या कडीत एक दोष होता. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी त्याची दुरुस्ती दिली. तरीही १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा विषाणू याच दारातून जगभर पसरला. तो फायलींना कुलूप लावून खंडणी मागे. जूनमध्ये त्याने जपानमधील होंडाचा सायामा कारखाना एक दिवस बंद पाडला. ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसी या चिप बनविणाऱ्या कंपनीत त्याचाच एक प्रकार शिरला. कसा? एका नव्या यंत्राबरोबर! ते न तपासताच नेटवर्कला जोडले होते.

दुरुस्ती मिळूनही ती का केली नव्हती, असे तुम्ही विचाराल. हा निव्वळ आळस नव्हे. चांगले यंत्र वीस-पंचवीस वर्षे चालते. विंडोज एक्सपी मात्र २००१ मध्ये आली आणि २०१४ मध्ये तिची नियमित देखभाल थांबली. शिवाय दुरुस्तीनंतर यंत्र पूर्वीसारखेच चालेल याची खात्री हवी; ती करण्यासाठी उत्पादन थांबवावे लागते.

म्हणून जुन्या संगणकाला वेगळ्या खोलीत ठेवल्यासारखे ठेवतात. यंत्रांचे नेटवर्क कचेरीच्या नेटवर्कपासून तोडतात. दोहोंमध्ये फायरवॉल हा पहारेकरी बसवितात. तो फक्त ठरलेल्या संगणकाकडून, ठरलेल्या दाराने येणारी माहितीच आत सोडतो. ४४५ चे दार नको असेल तर ते बंदच. पेनड्राइव्ह आधी निराळ्या संगणकावर तपासतात. माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित वाट हीच. पहारा तारेवर, आणि विषाणू खिशातून आत!

यंत्रावरचे लाल, छत्रीसारखे बटण मात्र नेटवर्कवर अवलंबून नसते. ते सहसा स्वतंत्र तारांनी मोटारीचा वीजपुरवठा तोडते. संगणक काहीही सांगत असला, तरी बटण दाबताच यंत्र थांबते.