गुडघे वाकवले नव्हतेस का?

एमआरआयच्या रिपोर्टवर एल-फोर एल-फाइव्हची चकती सरकल्याचं आलं, तेव्हा मेट्रन मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो हा. दुखतंय का, हे विचारलंच नाही.

वाकवले होते, मॅडम. अकरा वर्षं वाकवतेय. पण मेल मेडिकलच्या सात नंबर कॉटचं हँडल तुटलंय, ती वर येत नाही, हे मी तोंडी दोनदा सांगितलं होतं. कॉट माझ्या गुडघ्याच्या जरा वर. पेशंट 88 किलोचे, उजवी बाजू गेलेली. रात्रीचे अडीच. दुसरी सिस्टर पेशंट घेऊन सीटीला गेलेली, मावशींना कॅज्युअल्टीत पळवलेलं. आजोबा घसरत पायगतीला आलेले, त्यांना वर घेणं भागच होतं. मुलाला म्हटलं, दादा, त्या बाजूने ड्रॉशीट धरा. त्याने एका हाताने धरली; दुसऱ्या हातात मोबाइल. मी मोजलं, एक, दोन, तीन. मी 'तीन'लाच उचललं, तो 'तीन' संपायची वाट बघत होता. तेवढ्या क्षणात सगळा भार माझ्याकडे, आणि कंबर वळलेली. डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कुणी तापलेली तार ओढावी तसं झालं. मी कठडा धरून उभी, आणि दादा म्हणतात, "सिस्टर, तेवढी उशी नीट करा ना."

म्हणून सांगते, 'तीन'ला उचलायचं की 'तीन'नंतर, हे आधी ठरवा. मोजणारा एकच. आणि मोबाइल खिशात गेल्याशिवाय मोजायला सुरुवातच करू नका.

गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. बादली उचलायला ते ठीक आहे. माणसाला कडी नसते, तो अंगाजवळ धरता येत नाही आणि मध्येच हलतो. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेतले टॉम वॉटर्स यांनी 2007 मध्ये पेशंट हाताने उचलण्याची मर्यादा सुचवली ती सुमारे 16 किलोची, तीही सगळं अनुकूल असेल तर. आजोबांचा एक पायच 14 किलोच्या आसपास भरला असता. आता सांगा, माझे गुडघे काय करणार होते?

तेव्हा उचलू नका, सरकवा. श्वास लागलेला नसेल तर कॉट आधी सपाट करा, चाकांचे ब्रेक बघा. धड असलेला पाय दुमडून टाच गादीत रोवायला सांगा. पेशंटने तेवढा जोर लावला तरी भार केवढा तरी हलका होतो. स्लाइड शीट नसेल, आणि आपल्याकडे ती कुठे असते, तर मोठी स्वच्छ प्लास्टिकची पिशवी ड्रॉशीटखाली घाला. काम झालं की काढा, नाहीतर पेशंट पुन्हा खाली. लकवा झालेल्या बाजूला बगलेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो. चालवताना कुणी कोसळलाच तर झेलायला जाऊ नका; पाय फाकवून उभ्या राहा आणि आपल्या मांडीवरून त्याला हळूच जमिनीवर येऊ द्या. नातेवाईक ओरडतील. ओरडू देत.

पोटापाठीचे व्यायाम करा, वजन आटोक्यात ठेवा वगैरे आहेच.

आणि दुखलं की त्याच शिफ्टमध्ये अपघात रजिस्टरला लिहा. मी ओव्हर देऊन घरी गेले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिहिलं. झालं! "घरी काही उचललं असेल." ईएसआय कापला जात असेल तर कामावरच्या दुखापतीसाठी पगाराच्या सुमारे 90 टक्के मिळू शकतात, पण दुखापत कामावरची हे आधी दाखवावं लागतं. बिघाडही तोंडी सांगू नका, लिहून द्या, पोच घ्या. तुटलेल्या हँडलचा फोटो काढून ठेवा. माझ्याकडे नाही. सात नंबरचं हँडल मी रजेवर असताना बदललं.