स्वमतपोषक पूर्वग्रह आणि पुराव्याचे वाचन : ज्ञानदेवविषयक वादाच्या निमित्ताने

संशोधक पुराव्यावरून मताकडे जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा मत आधी ठरते आणि पुरावा त्याच्या सोयीने वाचला जातो. अनुकूल ते चटकन स्वीकारावे व प्रतिकूल तेवढे कसोशीने तपासून बाजूस सारावे, या प्रवृत्तीस येथे 'स्वमतपोषक पूर्वग्रह' म्हटले आहे. ती लबाडी नव्हे. प्रामाणिक अभ्यासकही तिच्या आहारी जातो, हेच तिचे गांभीर्य होय.

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. २, ४, ६ ही संख्यात्रयी एका नियमास धरून आहे, असे सांगून स्वतः नव्या त्रयी सुचवीत तो नियम ओळखावयाचा होता. 'दोनदोनने वाढणाऱ्या संख्या' असा तर्क बांधलेले लोक ८, १०, १२ अशीच उदाहरणे पुढे करीत आणि त्यांना होकारच मिळे. वस्तुतः नियम 'चढत्या क्रमाच्या कोणत्याही संख्या' एवढाच होता. १, २, ३ असे विसंगत उदाहरण विचारले असते, तर तर्काचा अपुरेपणा तत्काळ उघड झाला असता.

साहित्येतिहासात हेच कसे घडते, ते मराठीतील एका वादावरून स्पष्ट होईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक' पत्रात असे प्रतिपादन केले की, शके १२१२ (इ. स. १२९०) मधील 'ज्ञानेश्वरी'चा कर्ता आणि ज्ञानदेवांच्या नावावरील अभंगांचा कर्ता या दोन भिन्न व्यक्ती होत. अभंगांची भाषा अर्वाचीन वाटते आणि अभंगांत सर्वत्र असलेला विठ्ठल 'ज्ञानेश्वरी'त आढळत नाही, हे त्यांतील प्रमुख मुद्दे. यावर दीर्घकाळ वाद झाला.

येथे लक्षणीय गोष्ट अशी की, एकच पुरावा दोन्ही पक्षांस पुरला. भाषेची अर्वाचीनता ही द्वैतवाद्यांना कर्तृत्वभेदाची खूण वाटली. एकत्ववाद्यांनी ती मुखपरंपरेचा परिणाम मानली. विठ्ठलाचा अनुल्लेख एका पक्षास संप्रदायभेदाचा द्योतक वाटला, तर दुसऱ्यास गीताटीकेच्या स्वरूपाचा स्वाभाविक परिणाम. ही सर्व स्पष्टीकरणे संभाव्य आहेत. दोष स्पष्टीकरणात नाही. ते आपल्या सोयीच्या जागी थांबविण्यात आहे. भाषा पालटते हे तत्त्व अभंगांस लावावयाचे, तर 'ज्ञानेश्वरी'सही लावले पाहिजे, कारण तिचे पाठही अशुद्ध झाले होते आणि एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये त्यांचे शुद्धीकरण केले. उलटपक्षी, भाषा हीच कर्तृत्वाची निर्णायक कसोटी मानणाऱ्याने तिचे पाठ जसेच्या तसे मूळचे आहेत, असे गृहीत धरता कामा नये.

मग कसोटी कोणती घ्यावी? वेसन यांच्या प्रयोगाचा बोध असा की, आपले मत खोटे ठरू शकेल असाच प्रश्न विचारावा. त्याच कीर्तनपरंपरेतून आलेल्या नामदेवांच्या अभंगांची भाषाही तितकीच पालटलेली दिसली, तर केवळ अर्वाचीनतेवरून भिन्न कर्ता सिद्ध होणार नाही. परंतु नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या उत्तरकालीन कवीची रचना मिसळलेली आहे. तेव्हा नाममुद्रेवरून एकच कर्ता मानणाऱ्यांसही हे उदाहरण तितकेच अडचणीचे आहे. दोन्ही पक्षांना अडविणारा असा पुरावा म्हणूनच अधिक मोलाचा.

कबीर, मीराबाई, विद्यापती यांच्या नावांवरील पदांचा विचार करतानाही हीच सावधगिरी आवश्यक आहे. त्या त्या भाषेच्या अस्मितेशी कवीचे नाव निगडित असल्यामुळे पूर्वग्रहास तेथे भावनेचे बळ लाभते. यास्तव कर्तृत्वनिर्णयास आरंभ करण्यापूर्वीच, कोणता पुरावा आढळल्यास आपण आपले मत सोडून देऊ, हे अभ्यासकाने लिहून ठेवावे. ज्या मतास असा एकही पुरावा सुचत नाही, ते श्रद्धा म्हणून आदरणीय असेल. निष्कर्ष या पदवीस मात्र ते पात्र नाही.