भिंतीवरचा मुखवटा

एखाद्या सुसज्ज दिवाणखान्यात किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानात भिंतीवर टांगलेला आफ्रिकेतील लाकडी मुखवटा कधी कधी दृष्टीस पडतो. लांबट चेहरा, उंच कपाळ, खाली झुकलेल्या पापण्या, मिटलेले लहानसे ओठ. आणि शेजारी चिठ्ठी : ‘अकान लोकांचा जुना, हातकोरीव मुखवटा’. पाहणारा क्षणभर थबकतो, कारागिराची वाखाणणी करतो आणि पुढे जातो. पण त्या चिठ्ठीवरून मुखवट्याची पुरती ओळख पटत नाही.

अकान हे एका जमातीचे नाव नव्हे. पश्चिम आफ्रिकेतील घाना व आयव्हरी कोस्ट या देशांत राहणाऱ्या आणि परस्परांना जवळच्या भाषा बोलणाऱ्या अनेक लोकसमूहांची ती सामाईक संज्ञा आहे. असांते, फान्ते, आन्यी, बाउले हे त्यांपैकी काही होत. यांत असांते लोकांची कीर्ती सर्वांत मोठी. कुमासी ही त्यांची राजधानी. परंतु मुखवटे कोरण्याची परंपरा त्यांच्यात जवळजवळ नाहीच. त्यांचे कारागीर मानाची आसने आणि ‘अकुआबा’ नावाच्या बाहुल्या कोरीत. सोने तोलण्यासाठी पितळेची सुबक वजने ओतीत. अकानांचे म्हणून जे खरोखर जुने मुखवटे आढळतात, ते बहुधा बाउले लोकांचे असतात. अठराव्या शतकात राणी अब्ला पोकू हिच्यामागून आपले पूर्वज असांतेंचा मुलूख सोडून पश्चिमेकडे आले, अशी कथा हे लोक सांगतात. नव्या भूमीत त्यांना गुरो, वान इत्यादी शेजारी लाभले. मुखवट्यांची विद्या त्यांनी बरीचशी या शेजाऱ्यांपासून घेतली. ‘गोली’ हा त्यांचा विख्यात मुखवटानृत्याचा सोहळा तर विसाव्या शतकाच्या आरंभी वान लोकांकडून आला. शेजाऱ्याचे चांगले ते उचलावे आणि त्यावर आपला हात फिरवावा, हे त्यांना उत्तम साधले आहे.

लाकडाचा एकच ठोकळा घेऊन कारागीर प्रथम वाकसाने तो तासतो, नंतर सुरीने नाकडोळे आणि केसांच्या बारीक वेण्या उठवतो. शेवटी खरखरीत पानांनी घासून पृष्ठभाग तुळतुळीत करतो व त्यास गडद रंग देतो. मुखवट्याची मागची बाजू पोकळ असते आणि कडेने छिद्रे पाडलेली असतात. पोशाख त्या छिद्रांत बांधावयाचा असतो. ‘जुना’ या शब्दाविषयी मात्र सावध असावे. धुरात धरून, तेल चोळून, मातीत पुरून नव्या लाकडास वार्धक्य आणण्याचा धंदा आफ्रिकेत चालतो, तसा तो जगात सर्वत्र चालतो. याउलट, कुमासीजवळच्या अह्विआ गावातील कारागीर विकण्यासाठीच नव्या वस्तू कोरतात. त्यांत कमीपणाचे काही नाही.

आता मुख्य गोष्ट. आपण मुखवटा भिंतीवर लावतो तो सदैव नजरेसमोर राहावा म्हणून; बाउले गावात तो एरवी कापडात गुंडाळून नजरेआड ठेवलेला असे. काही मुखवटे गावाबाहेर रानात ठेवीत आणि स्त्रियांनी ते पाहणे पूर्णतः निषिद्ध असे. त्या गावांत दीर्घकाळ अभ्यास केलेल्या सुसान व्होगेल या अमेरिकन विदुषीने 1997 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे विस्ताराने मांडले आहे. मुखवटा म्हणजे केवळ कोरलेले लाकूड, असे बाउले लोक मानीत नाहीत. ताडाच्या तंतूंचा किंवा कापडाचा पोशाख, तो ल्यालेला नर्तक, वाद्ये, गाणी आणि भोवती जमलेला गाव हे सारे मिळून त्यांचा मुखवटा होतो. भिंतीवर पोहोचतो तो त्याचा एक तुकडा.

यांतील ‘म्ब्लो’ नावाचा प्रकार मला विशेष हृद्य वाटतो. तो गावातील एखाद्या हयात व्यक्तीचा, पुष्कळदा नामांकित नर्तकीचा, चेहरा असतो. हुबेहूब साम्य त्यात शोधू नये. नितळ कांती, शांत दृष्टी, नेटकी केशरचना यांतून त्या व्यक्तीची प्रतिष्ठा दाखवलेली असते. नृत्याच्या अखेरीस हा मुखवटा धारण करून पुरुष पुढे येतो आणि जिचा तो चेहरा, ती स्त्री स्वतः त्याच्या बरोबरीने नाचते. मुखवट्यास तिचा जोडीदार, तिची दुसरी प्रतिमा समजतात.

कामी गावच्या ओवी किमू या कारागिराने 1913 च्या सुमारास मोया यान्सो नावाच्या नर्तकीचा असाच मुखवटा कोरला. अनेक वर्षे ती त्याच्यासमवेत नाचली. वार्धक्याने पाय थकले, तेव्हा कुटुंबातील दुसरी स्त्री तिच्या जागी उभी राहू लागली. 1971 साली घेतलेल्या एका छायाचित्रात वृद्ध मोया यान्सो आपल्या मुखवट्यासह दिसते. त्या मुखवट्यावरील चेहरा मात्र तरुणच राहिला आहे.